चार डिस्क, चोवीस क्रम

ताता म्हणाले होते, "मी आल्यावर डिस्का लाव." मी त्यांची वाट पाहिली नाही. दोन तासांचा प्रश्न होता. ते दोन तास मी आता रोज मोजते.

ताता म्हणजे कृष्णाजी, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय एकोणऐंशी. आमचे पूर्वज कापड रंगवायचे आणि छापायचे. घरातल्या बाकीच्यांनी केव्हाच दुसरी वाट धरली. माझे वडील बँकेत गेले, मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून हेब्बाळच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. तातांनी मात्र रंग सोडला नाही. हेब्बाळमध्येच, माझ्या कंपनीपासून दोन रस्ते सोडून, त्यांचा रेशमी साड्या छापायचा छोटा कारखाना आहे. आता तो त्यांचा मुलगा पवनकुमार, म्हणजे माझे पवनकाका, चालवतात.

वीस वर्षांपूर्वी तातांनी एक रंगमापक यंत्र घेतलं. कापडाचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला की ते निळ्यापासून लालपर्यंत, चारशे ते सातशे नॅनोमीटर, एकतीस ठिकाणी मोजतं, की हे कापड किती टक्के प्रकाश परत फेकतं. एकतीस आकडे, म्हणजे एक वक्र. प्रत्येक रंगाचा वक्र वेगळा. ताता प्रत्येक शेडचा वक्र मोजत आणि त्या फाइलला स्वतः नाव देत. नावं म्हणजे नमुना असायची. पिकली सुपारी. रागीची उकड. भिजलेली वीट. विटलेला झेंडू. जावयाचा राग. शेवटचं नाव कुठल्या जांभळ्याचं होतं हे विचारलं की अन्नपूर्णाकाकू, पवनकाकांची बायको, तोंडाला पदर लावून आत निघून जायच्या.

अशा दोन हजार आठशे साठ शेड होत्या. कापडाचे मूळ तुकडे चिकटवलेल्या वह्या वाळवीनं खाल्ल्या तेव्हा पवनकाकांनी त्या फेकल्या. मशीनमध्ये सगळं आहे, ते म्हणाले, आणि ते खरं होतं. मशीनमध्येच सगळं होतं, आणि आणखी कुठंही नव्हतं.

आणि गेल्या तीन वर्षांत तातांच्या डोळ्यांच्या बरोबर मध्यभागी काळा डाग धरला. कडेकडेनं त्यांना दिसतं, पण कडेच्या नजरेला रंग नीट कळत नाहीत. ज्या माणसानं दोन हजार आठशे साठ रंग वेगळे ओळखले, त्याला आता लाल आणि तपकिरी साडीतला फरक सांगता येत नाही. त्यांची नजर त्या मशीनमध्ये उरली होती, असं म्हटलं तर ते अलंकारिक होणार नाही.

हे मशीन म्हणजे यंत्राला जोडलेला जुना कॉम्प्युटर, युनिक्स या प्रणालीवर चालणारा. त्यात चार डिस्क होत्या आणि त्यांच्यावर एक कंट्रोलर कार्ड. हे कार्ड चार डिस्क मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारखं दाखवतं. लिहिताना मजकुराचे तुकडे करून ते पाळीपाळीनं डिस्कांवर ठेवतं, आणि प्रत्येक ओळीच्या तुकड्यांची एक बेरीज चौथ्या जागी ठेवतं. एखादी डिस्क मेली तर उरलेल्या तिन्हींवरून तिच्यातलं सगळं परत काढता येतं. एकच अट असते. कुठली डिस्क पहिली, कुठली दुसरी, हे कार्डाला माहीत पाहिजे.

दसऱ्यात, आयुधपूजेच्या आदल्या दिवशी, कारखान्यात सगळं बंद होतं. छपाईची टेबलं, शिवणयंत्र, सुया-कात्र्या, स्कूटर, सगळं पुसून पूजेला मांडतात. कॉम्प्युटरही बंद होतो. विजयादशमीनंतर सगळं सुरू झालं, कॉम्प्युटर झाला नाही. पवनकाकांनी मला बोलावलं. मी उघडून पाहिलं, मदरबोर्ड गेला होता. कार्डावरची छोटी बॅटरीही संपली होती, त्यामुळे कार्ड आपल्या डिस्कांची रचना विसरून गेलं होतं. डिस्क पेटीत नव्हत्या. काकू म्हणाल्या, दरवर्षीसारख्या त्या पूजेच्या पाटावर आहेत, आत देवाच्या खोलीत. मला बरंच वाटलं. सुरक्षित आहेत म्हटलं, राहू देत तिथंच.

मी दुसरी पेटी आणली, त्यात ते जुनं कार्ड बसवलं आणि नवं युनिक्स टाकलं. इथून पुढचा आठवडा माझा फार आनंदात गेला, हे सांगितलं पाहिजे. नव्या युनिक्सला ते कार्ड ओळखता येईना. कार्डाशी कसं बोलायचं हे ज्या प्रोग्रॅमला माहीत असतं, तो ड्रायव्हर, इतक्या जुन्या कार्डासाठी आता आपोआप चढत नाही. सुरू होतानाच्या फाइलमध्ये मी एक ओळ घातली, ड्रायव्हर चढला, पण कार्ड उत्तर देईना. दोन संध्याकाळी मी संदेशांची नोंद वाचत बसले. कार्ड हाक मारत होतं, पण नव्या पद्धतीनं वाट पाहणाऱ्या सिस्टिमला ती जुन्या पद्धतीची हाक ऐकू येत नव्हती. आणखी एक ओळ घातली, की हाक जुन्या पद्धतीनंच घे. शुक्रवारी सहा वाजता मशीन पुन्हा सुरू केलं आणि पडद्यावर कार्डाचं नाव, त्याची आवृत्ती आणि शेवटी "डिस्क शून्य" अशी ओळ आली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. बाहेर साडी छापत असलेल्या माणसानं आत डोकावून पाहिलं.

तातांना फोन केला.

"ओळखलं का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"ओळखलं, ताता. आता डिस्क लावल्या की झालं."

"शाबास. उद्या अकराला येतो मी. डोळ्यात थेंब घालून अर्धा तास पडून राहायचं असतंय, मग पवन घेऊन येतोय. मी आल्यावर डिस्का लाव."

"तुम्ही कशाला त्रास घेता? मी करते ना."

"त्रास काय त्यात? सुम्ने बसतो एका बाजूला. तू एवढी शिकलेली, मी काय सांगणार तुला."

तातांच्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड असतो. सुम्ने म्हणजे उगाच, नुसतं, गप्प. मी ते तसंच घेतलं. मला वाटलं, त्यांना नुसतं बसायचं आहे.

शनिवारी मी नऊलाच पोचले. ते आत पाऊल टाकतील आणि मशीन चालू असेल, मी म्हणेन, ताता, कुठली शेड वाचून दाखवू? एवढंच चित्र डोळ्यांपुढे होतं.

अन्नपूर्णाकाकूंनी देवाची खोली उघडून दिली. पाटावर चार डिस्क एका ओळीत ठेवलेल्या, प्रत्येकीवर वाळलेली शेवंती. चारींवर हळद आणि कुंकू. एकीवर कुंकू कमी, एकीवर जास्त, असं मला दिसलं. पूजा करणाऱ्याचा हात, म्हटलं.

"काकू, या कुठल्या क्रमानं आहेत?"

"क्रम म्हणजे?"

"पहिली कुठली, दुसरी कुठली?"

"गणपतीजवळची पहिली असेल की. मामंजींनी तिथनंच सुरू केलं होतं मांडायला. मग मी झाडताना पाट उचलला एकदा." त्या थांबल्या. "दोनदा. पण सगळ्या आहेत बघ, चारच्या चार."

मी कापसाचे बोळे आणि स्पिरिटची बाटली काढली.

"अगं, पुसतीस कशाला लगेच? देवाचं आहे ते."

"काकू, कुंकवाचा कण आत गेला तर डिस्क जाईल."

"वीस वर्षं गेला नाही, तो आजच जायला बसलाय होय?"

मी हसले आणि पुसलं. कुंकू सहज निघेना. कोरड्या बोळ्यानं तर हललंच नाही. स्पिरिट लावून दाबून घासावं लागलं. तिसऱ्या डिस्कला मी चार बोळे वापरले. काम झाल्यावर चारही डिस्क नव्यासारख्या चकचकीत दिसत होत्या आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

पाटावर होत्या त्याच क्रमानं मी त्या बसवल्या. कार्डाच्या मेनूत रचना पुन्हा भरली. चार डिस्क, तुकड्याचं माप, बेरीज कुठं ते. "आतलं पुसू नको" हा पर्याय दोनदा तपासून निवडला. आणि क्रमाबद्दल शंका होती म्हणून, मी काही बेजबाबदार नाही म्हणून, कार्डाची जुळणी-तपासणी चालवली. ती प्रत्येक ओळीतले तुकडे वाचते आणि बेरीज बरोबर येते का पाहते. पंचवीस मिनिटांनी उत्तर आलं. चुका शून्य.

मी ते उत्तर खात्रीपत्र समजले. इथं मला स्वतःची सर्वात जास्त लाज वाटते. दोन अधिक तीन आणि तीन अधिक दोन सारखेच असतात हे पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. डिस्कांचा क्रम कसाही बदला, ओळीची बेरीज तीच राहते. त्या तपासणीला क्रम चुकलेला दिसणंच शक्य नव्हतं. मी तिला जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर मी तिच्याकडून घेतलं.

मग फाइलींचा साठा जोडायला गेले. युनिक्स म्हणालं, आधी दुरुस्त करून घ्या. मला त्यात नवल वाटलं नाही. मशीन जुनं होतं, थोडी पडझड असणारच. सुरुवातीचा भाग व्यवस्थित वाचला गेला, कारण तो पहिल्या डिस्कवर होता आणि पहिली डिस्क खरोखरच आपल्या जागी होती. दुरुस्तीचा प्रोग्रॅम एकेक प्रश्न विचारू लागला. ही नोंद निरर्थक आहे, काढू? हो. ही फाइल कुठल्याच फोल्डरात नाही, बाजूला ठेवू? हो. चाळीसेक वेळा हो म्हटल्यावर मी घड्याळ पाहिलं. दहा पन्नास. मी प्रोग्रॅम थांबवला आणि "सगळ्याला हो" असं सांगून पुन्हा चालवला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पवनकाकांची स्कूटर आली. ताता काकांचा खांदा धरून आत आले, खुर्ची चाचपून बसले.

"पंखा फिरतोय पेटीचा," ते म्हणाले. "लावल्यास होय?"

"लावल्या. दुरुस्ती चालू आहे, पाच मिनिटं."

"दुरुस्ती कसली?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. मग ते म्हणाले, "ठिपके बघून लावल्यास ना?"

"कसले ठिपके?"

"कुंकवाचे. पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. कागद चिकटवला तर गरमीनं निघून येतोय. म्हणून पातळ लाखेत कुंकू कालवून लावतो मी. हातानं पुसलं जात नाही, पाण्यानं जात नाही." ते हसत होते, आपली युक्ती सांगताना हसतात तसे. "पहिल्यांदा मशीन बसवणारा म्हणाला होता, बाकी काही करा, यांची अदलाबदल करू नका. आता दिसत नाही तरी चालतंय मला. ठिपका अंगठ्याला लागतोय, उंच राहतोय ना तो. यंदाही मीच मांडल्या. बघ की तू हात लावून."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

"ताता, मी पुसल्या," मी म्हणाले. "स्पिरिटनं."

त्यांचा अंगठा, जो तर्जनीवर फिरत होता, तो थांबला.

"स्पिरिटनं जातंय," ते म्हणाले. "हो. त्यानं जातंय."

मी वीज बंद केली. तोवर दुरुस्ती सत्तर टक्के झाली होती.

चार डिस्क चोवीस प्रकारे लावता येतात. पहिली पक्की असेल तर फक्त सहा. प्रत्येक प्रकार, काहीही न लिहिता, नुसता वाचून पाहायला दहा मिनिटं लागतात. म्हणजे एक तास. काहीही न पुसता, काहीही न बिघडवता, तातांची वाट पाहता पाहता मला बरोबर क्रम सापडला असता. आणि वाट पाहिली असती तर तोही तास लागला नसता.

पुढचे तीन आठवडे मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. चारही डिस्कांची जशीच्या तशी प्रत काढली आणि प्रतींवर काम केलं. दुसरी आणि तिसरी उलट लागल्या होत्या. योग्य क्रम लावल्यावर साठ्यातलं बरंचसं दिसू लागलं, पण दुरुस्तीनं जिथं जिथं लिहिलं होतं तिथं छिद्रं होती. नेमकी नावांची यादी त्यात गेली होती. रंग कसा बनवायचा त्या कृतींच्या फाइली जवळजवळ सगळ्या गेल्या. वक्रांच्या फाइली एक हजार एकशे बेचाळीस वाचल्या, पण त्या दुरुस्तीनं बेवारस म्हणून बाजूला टाकलेल्या, नावाच्या जागी नुसता नंबर. आत एकतीस आकडे, दुसरं काही नाही. पिकली सुपारी त्यात असेलही. कुठली ती, हे सांगणारं काही उरलं नव्हतं.

वक्रावरून मी पडद्यावर रंग काढून पाहिला. पवनकाकांना दाखवला.

"लाल आहे," ते म्हणाले.

"कुठला लाल?"

"आता लाल म्हणजे लाल, अनू. असले दीडशे लाल आहेत आप्पांचे. मला सगळे सारखेच दिसतात. म्हणून तर मशीन."

मी तातांच्या घरी गेले, माफी मागायला. जयलक्ष्मीपुरममध्ये त्यांचं घर आहे, माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटं. माफीचं वाक्य मी वाटेत तयार केलं होतं. त्यांनी ते अर्ध्यावर तोडलं.

"बिडू ते," म्हणजे सोड ते. "वक्र आहेत म्हणतीस ना? मग वाच. डोळे गेले, वक्र कुठं गेलेत? वीस वर्षं बघितलेत मी पडद्यावर. वाच."

मी लॅपटॉप उघडला. "चारशेला सहा. चारशे दहाला सहा. चारशे वीसला सात."

"पळव गं जरा. उठतोय कुठं ते सांग."

"पाचशे सत्तरला उठतो. पाचशे नव्वदला चाळीस."

"सहाशेला?"

"अठ्ठावन्न."

"मग सपाट की चढतच राहतोय?"

"सपाट. बहात्तरवर."

त्यांनी डोळे मिटले. "पिकली सुपारी. साली कोरडी व्हायला लागलेली, अगदी ताजी नव्हे. लिही."

मी लिहिलं.

त्यानंतर दर रविवारी मी सकाळी जायचे. काकू कॉफी द्यायच्या. ताता खुर्चीत, मी जमिनीवर, आणि वक्र. एका रविवारी पंचवीस-तीस व्हायचे. ते नाव सांगायचे आणि बहुतेक वेळा त्याची गोष्टही. हा जावयाचा राग, लग्नात मानाची साडी फिकी निघाली म्हणून रुसलेल्या जावयाच्या तोंडाचा रंग होता तो. ("कोणाचा जावई?" "सांगत नाही. जिवंत आहे अजून.") ही भिजलेली वीट, हिच्यासाठी सहा वेळा टब ओतला. काकू आतून ओरडायच्या, "सात वेळा! मी धुतला तो टब." पुढच्या दोन महिन्यांत आमची दोनशे चौदा नावं झाली. पवनकाकांनी विचारलं, यातली काही आता वापरता येतील का? जुनी एक बाई पुन्हा तीच शेड मागते आहे.

वापरायचं म्हटल्यावर मला तपासावंसं वाटलं. एकदा केलेलं मोजमाप पुन्हा केल्यावर तेच आलं पाहिजे, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. मी आधी वाचलेले दहा वक्र घेतले, त्यांचे नंबर बदलले आणि नव्या वीस वक्रांत मिसळले. तातांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तपासणीला अर्थ राहिला नसता.

त्या रविवारी दहापैकी आठ वेळा वेगळं नाव आलं. तेवढ्याच सहजपणे, तेवढ्याच खात्रीनं, नवी गोष्ट घेऊन.

मी गप्प बसू शकले असते. नंतर पवनकाकांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

"ताता," मी म्हणाले, "हा शेवटचा मागे एकदा वाचला होता."

"हो का? तेव्हा काय म्हटलं मी?"

"पिकली सुपारी."

"आणि आज?"

"विटलेला झेंडू."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. तिकडे त्यांना उजेड कळतो. आत काकूंचा मिक्सर चालू होता, तो थांबला.

"असे किती वाचलेस दुसऱ्यांदा?"

"दहा."

"जुळले किती?"

"दोन."

"आमचे मास्तर करायचे असं शाळेत," ते म्हणाले. "पण आधी सांगायचे, आज परीक्षा आहे म्हणून."

"ताता, मी तुम्हाला खोटं ठरवायला नाही..."

"बरोबर केलंस. पवन त्यावरनं रंग काढणार. भलत्याच रंगाची साडी गेली असती त्या बाईकडं." त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला. "पहिल्या दिवशी वाटलं मला, येतंय. खरंच वाटलं. मग एकेक धूसर व्हायला लागला. पण तू एवढी आशेनं वाचतीस. आणि नावं तोंडात येत होती, ती तर माझीच होती. म्हटलं नावं तरी राहू देत, कुठल्या का वक्राला असेनात."

काकूंनी कॉफी आणून ठेवली, कोणी उचलली नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. ताता नेहमीच्या जागी बसले होते, शर्ट बदलून, केस विंचरून. मी वाचू लागले. उठतो कुठं ते सांगितलं, सपाट कुठं होतो ते सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"गोत्तिल्ल," ते म्हणाले. माहीत नाही.

दुसरा वाचला. गोत्तिल्ल. तिसरा वाचताना मी आवाजात थोडी मदत घालायचा प्रयत्न केला, "ताता, हा सुपारीच्या जवळपास वाटतो." त्यांनी मान हलवली. गोत्तिल्ल. अठरा वक्र वाचले आणि अठरा वेळा त्यांनी खरं उत्तर दिलं.

"मग नुसती नावं सांगा," मी म्हणाले. "वक्र राहू देत. आठवतील तेवढी सगळी सांगा, मी लिहून घेते."

"सांगायचो की मागच्या आठवड्यापर्यंत," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "आता रंग डोळ्यांपुढे आल्याशिवाय नाव येत नाही गं. तेव्हा येत होतं, का कोण जाणे."

मी लॅपटॉप मिटला. आम्ही आणखी अर्धा तास बसलो. त्यांनी माझ्या कंपनीच्या कँटीनबद्दल विचारलं, मी सांगितलं.

माझ्याकडे आता दोन फाइली आहेत. एकीत एक हजार एकशे बेचाळीस वक्र, नंबरांनी. दुसरीत तातांनी सांगितलेली नावं, ज्यांतली कुठली कुठल्या वक्राची हे कळायला मार्ग नाही. दोन्हींच्या प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत. कारखान्यात नवं मशीन व्यवस्थित चालतं. ड्रायव्हरनं त्यानंतर एकदाही कुरकुर केलेली नाही. पवनकाकांनी त्या बाईंना पडद्यावर वक्रांचे रंग दाखवून त्यांच्याकडूनच एक निवडून घेतला. आता ते ग्राहकांना शेडचा नंबर सांगतात, चारशे सात, नऊशे बारा. तातांसमोर मात्र ते अजून "ती लाल" किंवा "ती हिरवी" एवढंच म्हणतात, आणि ताता, कुठली ते न विचारता, बरं म्हणतात.